नापास आत्या

माझ्या आत्याला एखादी गोष्ट मनापासून पसंत पडली आहे, असं मी कधी पाहिलं नाही. लग्नातलं जेवण असो, पुढाऱ्याचं भाषण असो, नव्या सुनेच्या हातची भाजी असो, ती आधी नीट बघायची, खालचा ओठ जरा पुढे काढायची आणि एकच शब्द टाकायची, "नापास." कारण द्यायची नाही. कोणी विचारलंच तर म्हणायची, "डोळे हायेत की तुला. बघ." गल्लीतले लोक तिला मागून नापास आत्या म्हणत. हे तिच्या कानावर होतं. तिनं कधी कोणाला त्यावरून बोल लावला नाही. उलट हे नाव तिला मनातून आवडत असावं, असा माझा संशय आहे.

लातुरात गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत तिच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत शिवणाचा क्लास, मागच्या खोलीत संसार. संसार म्हणजे एक पलंग, एक स्टोव्ह, नंतर त्याच्या जागी गॅस. शहरातल्या निम्म्या बाया तिच्याकडे शिकून गेल्या असतील. मुलीनं पहिलं झंपर शिवून आणलं की आत्या ते उजेडाकडे धरायची, खाकोटीची शिवण बोटांनी ताणायची आणि ब्लेड पुढे सरकवायची. "उसव." मुलगी रडवेली व्हायची. "रडायलीस कामून? शिवतंय कोण बी. कापड न फाडता उसवायला येतंय का, ते मला बघू दे." रजिया म्हणून तिची एक विद्यार्थिनी होती, शेजारच्याच गल्लीतली. तिनं आपलं पहिलं झंपर किती वेळा उसवलं हे ती अजून हसून सांगते. पुढे आत्याचे डोळे अधू झाल्यावर क्लास तिनंच सांभाळला.

माणसांचं कौतुक तिला सोसायचं नाही, स्वतःचं तर नाहीच. मी नांदेडला कॉलेजात नोकरीला लागलो तेव्हा पेढे घेऊन तिच्याकडे गेलो. तिनं पेढा खाल्ला, बोटं पुसली आणि विचारलं, "पोरं वर्गात बसत्यात का?" मी म्हणालो, काही बसतात. "मग उरलेली शाणी हायेत." माझी बायको तिला पहिल्यांदा भेटून आली तेव्हा रस्ताभर गप्प होती. शेवटी म्हणाली, तुमच्या आत्या मला काहीच वाईट बोलल्या नाहीत, आपलं काही चुकलं का? मला हसू आवरेना.

आत्याला नवरा होता. तो रेल्वेत स्टेशनमास्तर होता. लातूरजवळच्या मुरुडच्या पलीकडे एका लहान गावात, जुन्या छोट्या गाडीच्या मार्गावर त्याचं स्टेशन होतं आणि स्टेशनच्या मागे क्वार्टर. आत्या तिथे चार-पाच वर्षं राहिली आणि मग कायमची लातूरला आली. आमच्या घरात ही गोष्ट मोठ्यानं कोणी सांगत नसे. वडील तिचे धाकटे भाऊ. मला जे कळलं ते त्यांच्याकडून, तुकड्यातुकड्यानं.

त्या छोट्या गाडीबद्दल आता लोक फार प्रेमानं बोलतात. मी लहानपणी त्या गाडीत बसलो आहे. ती गाडी वेळ पाळत नसे, ही सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट. रुळाच्या कडेच्या मळ्यातून कोणी हात केला की ती हळू व्हायची. ड्रायव्हरचा चहा झाल्याशिवाय निघायची नाही. तहसीलदाराच्या बायकोचं लोणचं विसरलं म्हणून थांबलेली, शेरडं डब्यात चढेनात म्हणून थांबलेली. वडील सांगत, गाडी कोणासाठी थांबली नाही असं कधी झालंच नव्हतं.

एकदा झालं. आजी, म्हणजे आत्याची आई, लातूरला दवाखान्यात होती. तिचं अगदी शेवटचं चाललंय, असा निरोप रेल्वेच्या फोनवरून सकाळी मास्तरांकडेच आला. त्यांनीच आत्याला सांगितलं की लवकर आवर, लातूरची गाडी येतेच आहे. आत्यानं चुलीवरचं उतरवलं, दोन लुगडी गाठोड्यात बांधली, कुलूप लावलं आणि क्वार्टरच्या मागच्या वाटेनं फलाटाच्या टोकाला आली. गाडी उभी होती. त्या दिवशी गाडीला साहेबाचा डबा जोडलेला होता, तपासणी चालू होती. मास्तर फलाटावर हिरवी झेंडी घेऊन उभे होते. आत्यानं हात केला. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. ड्रायव्हरनंही पाहिलं आणि तो थबकला, तेव्हा मास्तरांनी झेंडी पुन्हा हलवली. गाडी निघून गेली.

पुढची गाडी संध्याकाळी होती. आत्या फलाटावर थांबली नाही. शेतातून चालत सडकेला गेली, गुळाच्या ट्रकवाल्याला हात करून त्याच्या शेजारी बसून लातूरला आली. आजी तोवर गेली होती. शुद्धीत असताना ती दाराकडे बघत होती, एवढंच वडील सांगत. आणखी काही विचारलं तर उठून जात.

आजीचे दिवस झाल्यावर मास्तर आत्याला न्यायला आले. सोबत फळं आणली होती. साहेब डब्यात होते, नोकरीचा प्रश्न होता, माझा नाइलाज होता, असं त्यांनी वडिलांना सांगितलं. हे सगळं खरंच होतं. आत्यानं त्यांना चहा दिला. सगळे नातेवाईक तिला समजावत होते की एक गाडी चुकली म्हणून कोणी नवरा सोडतं का. तेव्हा तिनं जे उत्तर दिलं ते वडिलांनी मला शब्दाशब्दानं सांगितलं आहे. "गाडी चुकली म्हणून न्हाई. मला बघून सोडली म्हणून."

मास्तर चहा पिऊन गेले. पुन्हा आले नाहीत. दुसरं लग्नही त्यांनी केलं नाही. त्याच स्टेशनात राहिले, तिथेच निवृत्त झाले, गावानं त्यांना निरोप दिला तेव्हा माणसं रडली म्हणतात. ते वारल्याचं सांगायला वडील आत्याकडे गेले तेव्हा ती मशीनवर होती. तिनं हातातली शिवण पूर्ण केली, दोरा तोडला, मग अंघोळीला गेली. मंगळसूत्र तिनं कितीतरी आधीच काढून ठेवलं होतं. का काढलं, असं एका बाईनं विचारलं तेव्हा म्हणाली होती, "मशीनमधी अडकतंय."

पुढे मोठे रूळ आले, ते गावाला वळसा घालून गेले आणि नवं स्टेशन माळावर झालं. जुनं स्टेशन बरीच वर्षं शेळ्यांच्या आणि पत्तेवाल्यांच्या ताब्यात होतं. मग गावात कोणाच्या तरी मनात आलं आणि तिथे रेल्वेचं संग्रहालय झालं. ते उभं करण्यात पांचाळ सर नावाच्या एका निवृत्त शिक्षकाचा मोठा वाटा होता. माणूस भला, पण भूतकाळाबद्दल बोलताना त्याचे डोळे भरून यायचे, आणि अशा माणसांपासून मी जरा लांब राहतो. त्यांनी माझा नंबर कुठूनतरी मिळवला आणि नांदेडला फोन केला. संग्रहालयात मास्तरांचा पुतळा बसवला आहे, त्यानिमित्तच्या कार्यक्रमाला मास्तरांच्या पत्नी आल्या तर गावाचं भाग्य, त्यांचा सत्कार करायचा आहे, असं ते म्हणाले. आधी काय घडलं होतं ते त्यांना ठाऊक नव्हतं. गावाच्या लेखी आत्या तब्येतीमुळे माहेरी राहणारी बायको होती.

आत्या हो म्हणेल असं मला वाटलं नव्हतं. मी फोनवर आडून आडून सांगितलं. ती म्हणाली, "चल. बघू दे काय मांडून ठेवलंय ते."

मी नांदेडहून गाडी घेऊन आदल्या दिवशीच लातूरला गेलो. सकाळी निघालो तेव्हा आत्या इस्त्रीचं पातळ नेसून पायरीवर तयार बसली होती. ऐंशीच्या घरातली बाई, पाठ ताठ. रजियाही सोबत निघाली, बाईंना एकटं सोडणार नाही म्हणाली. मुरुडच्या बाजूला वळलो तशी आत्या खिडकीतून बघत राहिली. नव्या मंगल कार्यालयांच्या कमानी येऊन गेल्या. एकेका कमानीवर तिनं तिचा तो शब्द टाकला.

संग्रहालयाबद्दल मी काय सांगू. असल्या ठिकाणी जे असतं तेच सगळं होतं. फलाटाच्या कडेला लाल-पिवळ्या पताका. एका कर्ण्यातून इंजिनाच्या शिट्टीचा आवाज पुन्हा पुन्हा येत होता, मध्येच मोबाईलच्या जाहिरातीचा. बायकांच्या वेटिंगरूममध्ये वडापावचं दुकान. तिकिटाच्या खिडकीला एक लाल बदामाची चौकट लावलेली, तिच्यात तोंड घालून नवी जोडपी फोटो काढत होती. आत काचेच्या पेट्यांत कंदील, तिकिटं, टोपी, शिट्ट्या, आणि एक जुना टेलिफोन. आत्या त्या टेलिफोनपाशी जरा थांबली, मग पुढे गेली. पुण्याहून आलेली एक बाई तिच्या शेजारी उभी राहून म्हणाली, "किती निवांत काळ होता नाही तो, आजी?" आत्यानं तिच्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं. "तुम्हाला तवा कुठं जायचं नव्हतं, बाई. म्हणून निवांत वाटायलंय."

पुतळा फलाटावरच होता. फायबरचा. गणपती करणाऱ्या कारागिराकडून करून घेतला असावा, कारण गाल गुलाबी होते आणि डोळे मोठे, ओलसर, आशीर्वाद देणारे. हातात हिरवी झेंडी. खाली संगमरवरी पाटी. तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, वेळेचे पुजारी. त्याखाली दोन ओळी होत्या: साहेबांची गाडी असो वा सामान्यांची, मास्तरांनी गाडी कधी क्षणभरही अडवली नाही. कर्तव्यापुढे त्यांनी घरदारही पाहिले नाही.

मी ते वाचलं आणि आत्याला तिथून हलवावं म्हणून पुढे झालो. पण तिनं चष्मा लावला होता. तिनं शेवटपर्यंत वाचलं. मग चष्मा काढून पदरानं पुसला आणि पुन्हा लावून दुसरी ओळ वाचली. रजियानं तिचा दंड धरला. आत्यानं हात सोडवून घेतला, रागानं नाही, सहज. पांचाळ सर शेजारीच होते. ते हळवेपणानं म्हणाले की ही ओळ त्यांची स्वतःची आहे. आत्या म्हणाली, "अक्षर चांगलं हाय."

सत्कार सुरू झाला. कोणी एक पुढारी आले होते, त्यांचं नाव घेण्याजोगं काही त्यांनी केलेलं नाही. ते उशिरा आले आणि वेळेच्या महत्त्वावर बोलले. घड्याळाकडे न बघता बोलले. मग आत्याकडे वळून हात जोडले आणि म्हणाले की प्रत्येक थोर पुरुषाच्या मागे एक माउली उभी असते, अशी ही माउली मास्तरांच्या मागे खंबीरपणे उभी राहिली. टाळ्या झाल्या. तिला शाल घातली, नारळ दिला. आत्यानं शाल काढून घडी घालून रजियाच्या हातात दिली आणि पांचाळ सरांना म्हणाली की तिला बोलायचंय. सरांना आनंद झाला. त्यांनी स्वतः माईक तिच्या तोंडासमोर धरला.

ती नेहमीच्याच आवाजात बोलली, क्लासमध्ये बोलायची तशी. "हे साहेब म्हणाले मी मास्तरांच्या मागं उभी व्हते. मी मागं नव्हते. मी तिथं व्हते, त्या टोकाला." तिनं फलाटाच्या टोकाकडे बोट केलं. लोकांनी माना वळवून पाहिलं. तिथे एक आइस्क्रीमचा गाडा होता. "हातात गाठोडं व्हतं. माझी आई लातूरला मरायली व्हती. ह्यांनी मला बघितलं, आणि झेंडी हलवली. गाडीत साहेब व्हता. शेरडासाठी थांबलेली हीच गाडी मी बघितलीया. पाटीवर लिवलंय ते खोटं न्हाई. गाडी वेळेवर सोडली त्यांनी." ती थांबली. मग म्हणाली, "झालं. बसा."

सगळे बसलेलेच होते. कर्ण्यातली शिट्टी मध्येच वाजली आणि कोणीतरी धावत जाऊन ती बंद केली. पुढाऱ्यांना आपण कधी टाळ्या वाजवायच्या हे कळेना. त्यांनी दोनदा वाजवल्या, कोणी साथ दिली नाही तसे थांबले आणि फोन आल्यासारखं करून उठून गेले. त्या गर्दीत एक म्हातारा शेतकरी होता, पटका बांधलेला. तो उठून आत्याच्या पाया पडायला आला. आत्यानं पाय मागे घेतले.

चहाच्या वेळी पांचाळ सर आमच्याकडे आले. माणूस पार उतरून गेला होता. मला त्यांची कीव आली, आणि हेही सांगितलं पाहिजे की त्या दिवशी त्या गावात मला एकट्या त्यांच्याबद्दलच काही वाटलं. ते म्हणाले की आपल्याला यातलं काहीच माहीत नव्हतं, पाटी उद्याच्या उद्या काढून टाकू. आत्या म्हणाली, कशाला काढता. मग ते म्हणाले की निदान दुसरी पाटी लावू, तुमची हकिकत लिहू, लोकांना दोन्ही बाजू कळायला पाहिजेत, तुमचाही एक फोटो द्या. बोलता बोलता त्यांचे डोळे पुन्हा भरून आले. कशी पाटी होईल, कुठे बसेल, हे त्यांच्या मनात आताच दिसायला लागलं होतं.

आत्यानं कप खाली ठेवला. "सर, ह्या स्टेशनातनं मी एकदा गेले. आता पाटी होऊन परत येऊ का?"

सरांनी वाकून तिचा कप उचलला आणि स्वतः धुवायला घेऊन गेले.

निघताना ती एकटीच पुतळ्यापाशी गेली. रजियाला आणि मला तिनं हातानंच थांबवलं. आम्ही गाडीपाशी उभे होतो. ती त्याच्याकडे बराच वेळ बघत होती. काही बोलली की नाही, ते लांबून कळलं नाही. परतीच्या वाटेवर मुरुडच्या पुढे आल्यावर ती आपणहून म्हणाली, "नाक चुकलंय त्याचं." मी म्हणालो, हो का. पुढे बरंच अंतर गेल्यावर पुन्हा बोलली, "पण उभा चांगला हाय. जित्तेपणी माझ्यासमोर इतका वेळ कधी थांबला न्हाई." रजिया खिडकीबाहेर बघत होती. मी गाडी चालवत राहिलो. माईकवरचं बोलणं सोडलं तर आत्याच्या तोंडून मास्तरांबद्दल मी ऐकलेलं हे एवढंच, आणि यात निंदा किती आणि बाकीचं किती, ते मला आजही सांगता येणार नाही.

त्यानंतर दोन पावसाळे ती होती. शेवटी शेवटी पलंगावरच असायची, पण पुढच्या खोलीत मशीन बंद पडलं की आतून विचारायची, "काय झालं? दोरा तुटला का डोकं?" दवाखान्यात न्यायला तिनं नकार दिला. डॉक्टर घरी येऊन गेले, त्यांनाही तिनं नापास केलं. मी सुट्टी काढून येऊन राहिलो होतो. एका दुपारी रजिया तिला पेज भरवत होती. आत्यानं दोन घास घेतले, तिसऱ्याला मान वळवली आणि म्हणाली, "मीठ कमी हाय." रजिया मीठ आणायला उठली आणि परत आली तोवर आत्या गेलेली होती.

भेटायला लोक येत राहिले. लोकांना मेलेल्या माणसाबद्दल गोड बोलायचं असतं, आणि आत्याबद्दल गोड बोलणं जड जात होतं, तरी त्यांनी ते नेटानं केलं. कोणी म्हणालं, वरून फणसासारख्या, आतून गोड. कोणी म्हणालं, तोंडानं फटकळ पण मन लोण्याचं. मी ऐकत बसलो होतो आणि मला चीड येत होती. तिचं मन लोण्याचं नव्हतं. ती आतूनही तशीच होती जशी बाहेरून, आणि म्हणूनच गल्लीतल्या बाया नवऱ्याशी बिनसलं, सासूशी बिनसलं की गोड बोलणाऱ्या शेजारणींकडे न जाता तिच्या पायरीवर येऊन बसत. ती त्यांना धीर वगैरे देत नसे. तुझं कुठं चुकलं आणि त्याचं कुठं चुकलं, ते तोंडावर सांगायची. त्यातल्या किती जणी परत गेल्या आणि किती गेल्या नाहीत ते मला माहीत नाही, पण रडत गेलेली मी कोणी पाहिली नाही.

तिसऱ्या दिवशी लांबच्या नात्यातले एक काका आले. आल्या आल्या त्यांनी उसासा टाकला, वर पाहिलं आणि म्हणाले, "झालं गेलं सगळं मिटलं. आता दोघांची वर भेट झाली असेल."

मी म्हणालो, "भेट झाली असेल, काका. पण तिनं ओळख दिली नसणार."

दाराशी बसलेली रजिया आधी हसली. हसता हसता तिनं पदर तोंडाला लावला आणि मग तिला रडू आवरेना.